निचरा

बुधवारी मी बारा नळ्या मोजते.
मळीच्या रानात, सऱ्यांमधून हातभर वर आलेल्या,
टोपणं घातलेल्या. पोरं त्यांना भुताची बासरी म्हणतात.
टेपच्या टोकाला लोखंडी गोळा बांधलाय,
तो पाण्याला टेकला की आतून येतं : टुप्.
वहीत लिहायचं. एक मीटर दहा. नव्वद. साठ.
साठच्या वर मी आकडा जरा बारीक काढते,
का, ते माहीत नाही.

आदगोंडा मगदूमच्या रानात सकाळी पांढरं दिसतं,
लांबून वाटावं कुणाची रांगोळी सांडली.
जिभेला लावलं. खारट, मागून तुरट.
"लागण पिवळी पडलीया, पाणी कमी पडतंय वं,"
असं म्हणून तो मोटर लावतो.
पाणी खाली उतरतं, मिठाला भेटतं,
आणि उन्हाचं बोट धरून त्याला घेऊनच वर येतं.
लागण आणखी पिवळी.
मोटर आणखी दोन तास.
एकेक पायरी बरोबर आहे आदगोंडाची,
जिना तेवढा खाली जातो.

सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर मी खडूनं काढलं :
पिवळं पान, तिथून बाण मोटरीकडे,
मोटरीकडून जमिनीतल्या पाण्याकडे, पाण्याकडून मिठाकडे,
मिठाकडून (खडू इथं संपला)
बोटानंच ओढत नेला पुन्हा पानापर्यंत.
मोटरी भरून देणारा शिराज मुलाणी मागून म्हणाला,
"म्हंजे मी बी हाय की ह्यात."
त्याच्यासाठी नवा खडू, नवा बाण.
मग रात्रीच्या विजेसाठी, जी आली की बटण दाबून माणसं झोपतात.
मग वजनावर पैसे मोजणाऱ्या काट्यासाठी.
खिडकी आडवी आली, तिला वळसा घातला.
चूक कुणाची हे विचारायला आलेले दोघं-तिघं
बाणावर बोट ठेवून फिरत राहिले
आणि जिथून निघाले तिथंच येऊन चहाला गेले.

भूपाल चौगुलेच्या वडलांच्या वेळी लिफ्टचं पाणी आलं.
पाटात नारळ सोडला, पेढे वाटले.
ते पाणी अजून पोचतंय,
मातीच्या आतून, वर्षाला चार बोटं.
आज जिभेला लागलेलं मीठ
त्या पेढ्यांइतकं जुनं आहे.

भूपालनं एकट्यानं दोन एकरांत भोकाचे पाइप पुरले.
हिरवं झालं, फोटो काढले.
नळी चार खाली गेली, नळी पाच वर आली,
आणि पाचवाल्या बाबगोंडानं बोलणं टाकलं.

मग एका गुरुवारी, मोजायचा वार नसताना,
मी ओढ्यामागून चालत निघाले,
स्मशानाच्या मागं, बाभळींतून,
पार दोन कोसांवर, रस्त्याखालच्या मोरीपर्यंत.
अर्ध्या नळ्यात गाळ, अर्ध्यात जलपर्णी, एक लाल चप्पल.
रस्ता सगळ्यांनीच मागून घेतलेला,
ऊस वेळेत काट्यावर जावा म्हणून.
आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी
म्हणून आपण हसतो कायम;
इथं बंब खरंच रामेश्वरी न्यायचा होता
आणि हे सांगताना मलाच हसू येत होतं.

मोरी फोडून मोठी केली. सात जण होते, आठवा बाबगोंडा,
न बोलता, पण स्वतःचं खोरं घेऊन.
तीन महिन्यांनी नळ्या नऊ बोटं उतरल्या.
पेढे कुणी वाटले नाहीत.
नऊ बोटांचे कसले पेढे.

काल खालच्या गावातून एक जण आला गाडीवरून.
टेबलावर बाटली ठेवली, पाण्याची.
"चाखा," म्हणाला.
मला चाखायची गरज नव्हती, तरी चाखलं.

आज पिशवीत तेरा टोपणं आहेत.
भिंतीवर खिडकीच्या पलीकडं थोडी जागा आहे,
तिथं आधी जळमटं काढावी लागतील.